लायटरचा ‘दगड’ दगड नसतोच! ठिणगी देणाऱ्या सेरियम धातूची गोष्ट, आणि तो जपून हाताळायचा कसा

सिगारेट लायटरचं छोटं चाक अंगठ्याने फिरवलं की ‘खर्र’ असा आवाज येतो, ठिणग्या उडतात आणि ज्योत पेटते. त्या चाकाखाली एका बारीक स्प्रिंगवर करड्या रंगाचा इवलासा तुकडा बसवलेला असतो. कुणी त्याला लायटरचा खडा म्हणतं, कुणी दगड.

पण तो दगड नसतोच. तो धातू असतो. आणि ज्या ठिणग्या दिसतात, ते त्या धातूचेच हवेत जळणारे कण असतात. या धातूतला मुख्य घटक म्हणजे सेरियम.

सोशल मीडियावर हाच खडा तारेला किंवा स्प्रिंगला अडकवून लालभडक तापवायचा आणि जमिनीवर आपटायचा, अशा व्हिडिओंना चांगले व्ह्यूज मिळतात. दिसायला तो छोटा फटाकाच वाटतो. पण जळतंय काय, ते विझवायचं कसं आणि त्यावर पाणी ओतलं तर काय होईल, हे अशा व्हिडिओत सहसा कुणी सांगत नाही. म्हणूनच हा धातू नीट समजून घ्यायला हवा.

सेरियम म्हणजे नेमकं काय?

आवर्त सारणीत ५८ व्या क्रमांकावर असलेलं हे मूलद्रव्य. स्वीडनमध्ये बर्झेलियस आणि हिसिंगर यांनी, तर जर्मनीत क्लाप्रोथ यांनी १८०३ मध्ये स्वतंत्रपणे ते शोधलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८०१ मध्ये, मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फिरणारा सेरेस हा खगोल सापडला होता. त्याच्यावरून या मूलद्रव्याचं नाव पडलं सेरियम.

मात्र तेव्हा सापडलं होतं ते त्याचं ऑक्साइड. ऑक्सिजनला हा धातू इतका घट्ट धरून बसतो की त्याला शुद्ध रूपात वेगळं करायला पुढची सत्तर वर्षं गेली. १८७५ मध्ये हिलब्रँड आणि नॉर्टन यांनी विजेच्या मदतीने ते साधलं.

सेरियम ‘रेअर अर्थ’ म्हणजे दुर्मिळ मृदा गटात मोडतं. या गटात एकूण १७ मूलद्रव्यं आहेत. पण नावावर जाऊ नका. पृथ्वीच्या कवचात सेरियम साधारण तांब्याइतकंच आहे. अडचण अशी, की ते एका जागी भरपूर सापडत नाही आणि सापडलं तरी आपल्या भावंडांमध्ये मिसळलेलं असतं. त्यांचे रासायनिक गुण एकमेकांशी इतके जुळतात की त्यांना वेगळं करणं जिकिरीचं काम आहे.

थोडक्यात त्याची ओळख अशी:

- रंग: ताजा कापल्यावर चांदीसारखा, हवा लागली की लवकरच काळवंडणारा
- घनता: एका घन सेंटिमीटरला सुमारे ६.८ ग्रॅम, म्हणजे लोखंडापेक्षा थोडी कमी
- वितळण्याचं तापमान: सुमारे ७९५ अंश सेल्सिअस
- हवेत पेट घेण्याचं तापमान: सुमारे १५० ते १८० अंश सेल्सिअस

शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचा. भजी तळताना कढईतलं तेल साधारण तेवढंच तापलेलं असतं.

चकमक आणि लायटर: ठिणगी कोण देतं?

जुन्या काळी चकमकीच्या दगडावर पोलाद घासून विस्तव करत. दगड कठीण असल्यामुळे तो पोलादाचा बारीकसा कपचा खरवडून काढतो. घासण्याने तापलेला तो कपचा हवेत जळतो. म्हणजे चकमकीत ठिणगी पोलादाची असते, दगडाची नाही.

लायटरमध्ये नेमकं उलटं घडतं. तिथलं चाक पोलादी आणि कठीण असतं, ‘दगड’ मात्र मऊ आणि ठिसूळ. चाकाचे दात त्या खड्याचे कण खरवडतात. घर्षणाने कण तापतात, हवेतला ऑक्सिजन घेतात आणि पेटतात. या ठिणग्यांचं तापमान ३,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतं. लायटरमधला गॅस पेटायला एवढं पुरेसं असतं.

आता तुम्ही म्हणाल, स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्येही हेच असतं का? बहुतेक वेळा नाही. ‘टक’ असा आवाज करणाऱ्या लायटरमध्ये एका खास स्फटिकावर जोरात आघात होतो, त्यातून वीज तयार होते आणि टोकाशी विजेची ठिणगी पडते. त्यात जळणारा धातू नसतो. म्हणूनच तो वर्षानुवर्षं चालतो आणि चाकवाल्या लायटरचा खडा मात्र झिजून संपतो.

नुसतं हवेत ठेवलं तरी झिजतं

ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. हा थर घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. म्हणून पातेलं वर्षानुवर्षं टिकतं.

सेरियमच्या नशिबी हे नाही. त्याच्यावरही थर येतो, पण तो धरून राहत नाही. त्याच्या खपल्या निघतात, खालचा ताजा धातू उघडा पडतो, त्याला पुन्हा हवा लागते. साधारण एक सेंटिमीटरचा तुकडा उघडा ठेवला तर वर्षभरात त्याची पूर्ण भुकटी होऊ शकते. हवेत दमटपणा असेल तर हे आणखी वेगाने होतं.

त्यामुळे प्रयोगशाळेत शुद्ध सेरियम खनिज तेलात बुडवून किंवा आरगॉनसारखा निष्क्रिय वायू भरलेल्या सीलबंद नळीत ठेवतात. शाळेच्या प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये ठेवलेला सोडियम आठवत असेल, तर हा त्याच जातकुळीतला प्रकार. फक्त सेरियम सोडियमइतकं तापट नाही.

तुकडा शांत, भुकटी धोक्याची

मग लायटरचा खडा खिशात का पेटत नाही? याचं उत्तर आहे आकारात.

एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याचं एकूण पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार तुकडे केले तर तेच पृष्ठफळ होतं ६० चौरस सेंटिमीटर. आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे कण केले तर ६,००० चौरस सेंटिमीटर. धातू तेवढाच, पण हवेला भिडणारी जागा हजारपट.

शिवाय मोठ्या तुकड्यात एका टोकाला तयार झालेली उष्णता आत पसरून जाते. बारीक कणाला तशी सोय नसते. तो क्षणात तापतो आणि पेटतो. म्हणून सेरियमची बारीक भुकटी बाहेरून आग न लावताही पेट घेऊ शकते. शुद्ध सेरियमचा तुकडा चाकूने जोरात खरवडला तरी ठिणग्या पडू शकतात.

लायटरच्या खड्यात म्हणूनच शुद्ध सेरियम वापरत नाहीत. सेरियम, लँथेनम आणि त्यांची इतर भावंडं यांच्या मिश्रणाला ‘मिशमेटल’ म्हणतात. त्यात निम्म्याच्या आसपास सेरियम असतं. मिशमेटलमध्ये लोखंड मिसळलं की ‘फेरोसेरियम’ तयार होतं. लोखंडामुळे खडा पुरेसा कठीण होतो. नाहीतर चाकाखाली त्याचा लगदा झाला असता.

पाणी का नको?

आग म्हटली की हात पाण्याच्या बादलीकडे जातो. जळणाऱ्या सेरियमच्या बाबतीत हीच सर्वात मोठी चूक ठरते.

थंड पाण्याबरोबर सेरियमची क्रिया हळू होते, गरम पाण्याबरोबर वेगाने. दोन्ही वेळा सेरियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हायड्रोजन स्वतःच ज्वलनशील आहे. म्हणजे पेटलेल्या धातूवर पाणी मारणारा माणूस आगीला नवं इंधन पुरवत असतो. त्यात पाण्याची एकदम वाफ होऊन जळते कण चहूकडे उडतात, ते वेगळंच.

सोसायटीत किंवा ऑफिसात टांगलेलं कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामकही इथे कामाचं नाही. तापलेले क्रियाशील धातू कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजनही ओढून घेऊ शकतात, आणि त्याच्या जोरदार फवाऱ्याने जळती भुकटी पसरू शकते. नेहमीची ‘एबीसी’ पावडरही धातूच्या आगीसाठी बनवलेली नसते. धातूंच्या आगीचा वर्गच वेगळा आहे, ‘डी’ वर्ग. त्यासाठी खास कोरडी पावडर मिळते. ती हाताशी नसेल, आग अगदी छोटी असेल आणि सुरक्षित अंतरावरून जमत असेल, तर पूर्ण कोरडी वाळू तिच्यावर अलगद पसरून हवा तोडायची. यातला ‘कोरडी’ हा शब्द महत्त्वाचा. पावसात भिजलेली वाळू म्हणजे पुन्हा पाणीच.

उरलेल्या मालातून जन्मलेला लायटर

या गोष्टीचा एक धागा थेट भारताच्या किनाऱ्याशी जोडलेला आहे.

लग्नाच्या वरातीत किंवा जत्रेत गॅसबत्ती पाहिली असेल तर तिची पांढरी जाळी, म्हणजे मेंटल, आठवत असेल. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल ऑर फॉन वेल्सबाख यांनी ही जाळी शोधली. १८९१ च्या सुमारास त्यांना अचूक प्रमाण सापडलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. जाळी लख्ख उजळू लागली आणि युरोपभर गाजली.

थोरियम मिळायचं मोनाझाइट नावाच्या वाळूतून. पण त्या वाळूत थोरियमपेक्षा सेरियम आणि त्याची भावंडं कितीतरी जास्त. जाळीला सेरियम लागायचं एकच टक्का. बाकीच्याचं करायचं काय? या उरलेल्या मालाचा विचार करताना ऑर यांनी त्याचा मिश्रधातू करून त्यात लोखंड मिसळलं, आणि १९०३ मध्ये फेरोसेरियमचं पेटंट घेतलं. आजच्या लायटरचा खडा हा त्याच शोधाचा वंशज.

पुढे १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. त्यानंतर मनवलकुरिची इथे ही वाळू वेगळी काढण्याचा उद्योग सुरू झाला. हे गाव आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात येतं. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि केरळमधल्या अलुवा इथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला. आज ‘आयआरईएल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सरकारी कंपनीचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे.

एका खड्याची किंमत: एका दिवसाचा पाव

सेरियमची सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट लिहून ठेवली आहे इटालियन लेखक प्रिमो लेव्ही यांनी. लेव्ही मुळात रसायनशास्त्रज्ञ. ज्यू असल्यामुळे १९४४ मध्ये त्यांना नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत पाठवण्यात आलं. तिथल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांना करड्या रंगाच्या, नाव नसलेल्या छोट्या कांड्या सापडल्या. खरवडून पाहिल्यावर ठिणग्या उडाल्या. ते होतं फेरोसेरियम.

छावणीत चोरून लायटर बनवले जायचे आणि त्यांना खडे लागायचे. लेव्ही आणि त्यांचा मित्र अल्बर्टो यांनी ४० कांड्या लपवून आणल्या. एका कांडीचे तीन खडे, म्हणजे एकूण १२०. बाकीचे झोपल्यावर पांघरुणाखाली ते या कांड्या खरवडत. ठिणगीने गवताची गादी पेटायची भीती आणि पकडलं गेलं तर फाशीची. एका खड्याच्या बदल्यात एका दिवसाचा पाव मिळायचा. १२० खडे म्हणजे दोघांना प्रत्येकी दोन महिन्यांचं आयुष्य.

१९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द पिरियॉडिक टेबल’ या पुस्तकात ‘सेरियम’ नावाचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. लेव्ही वाचले. अल्बर्टो छावणी रिकामी करतानाच्या सक्तीच्या पायपिटीतून परतला नाही.

घराघरात शांत बसलेलं सेरियम

धातू म्हणून तापट असलेलं सेरियम ऑक्सिजनशी पूर्ण जोडलं गेलं की एकदम शांत होतं. फिकट पिवळसर रंगाचं सेरियम ऑक्साइड जळत नाही, कारण ते आधीच ‘जळून’ झालेलं असतं. त्याची कामं मात्र भरपूर:

- काचेला चकाकी आणण्यासाठी. चष्म्याच्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगांना, तसंच स्क्रीनच्या काचांना पॉलिश करायला सेरियम ऑक्साइडची पूड वापरतात.
- गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. सेरियमला दोन रूपांमध्ये सहज ये-जा करता येते. त्यामुळे ते गरजेप्रमाणे ऑक्सिजन साठवतं आणि सोडतं. विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करायला त्याची मदत होते.
- पांढऱ्या एलईडी दिव्यात. अनेक दिव्यांमधली चिप मुळात निळा प्रकाश देते. तिच्यावरच्या पिवळ्या लेपात अगदी थोडं सेरियम असतं. ते काही निळ्या प्रकाशाचं पिवळ्यात रूपांतर करतं. दोन्ही मिसळून डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो.

या वस्तूंमधल्या सेरियमला घाबरायचं काहीच कारण नाही. जपायचं ते धातूला. श्वासातून जाणाऱ्या बारीक धुळीपासून मात्र दोन्ही रूपांत सांभाळायला हवं. सेरियमयुक्त कार्बन आर्क दिव्यांजवळ वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. काचेला पॉलिश करणाऱ्यांनी मास्क लावावा आणि पूड ओली ठेवून काम करावं, ते यासाठी.

हाताळताना काय पाळायचं?

*घरी लायटर वापरताना*

- लायटरचे सुटे खडे कोरड्या, बंद डबीत ठेवा. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.
- खडा तापवून आपटायचा ‘जुगाड’ करू नका. तापलेला खडा फुटला की जळते कण कुठे जातील, यावर कुणाचाच ताबा नसतो. सर्वात आधी धोका डोळ्यांना.
- खडे कुटून किंवा ग्राइंडरवर घासून भुकटी करू नका. वर पाहिलेलं पृष्ठफळाचं गणित आठवा.

*ट्रेकला जाताना*

- ‘फायर स्टार्टर’ म्हणून मिळणारी काळी कांडी फेरोसेरियमचीच असते. काळा लेप हवेपासून बचावासाठी असतो. वापरलेली कांडी पुसून कोरडी ठेवा. खाऱ्या पाण्यापासून खास जपा.
- ठिणग्या पाडताना कांडीचं तोंड माणसांपासून, तंबूपासून आणि गॅसच्या डब्यापासून दूर असू द्या.
- दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळायला लागतं. अशा गवतात एक ठिणगी वणव्याला पुरते. राखीव वनात परवानगीशिवाय आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हाही आहे.

*प्रयोगशाळेत किंवा वर्कशॉपमध्ये*

- शुद्ध धातू तेलात किंवा आरगॉनमध्येच ठेवा. डब्यावर नाव आणि इशारा स्पष्ट लिहा.
- डोळ्यांना गॉगल, हातात कोरडे हातमोजे. ओल्या हाताने धातूला स्पर्श नको.
- कापताना वेग कमी ठेवा आणि तेलाची धार सोडा. पडलेला कीस लगेच गोळा करा. तो साध्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.
- कोरडी वाळू किंवा ‘डी’ वर्गाचं अग्निशामक काम सुरू करायच्या आधी हाताशी ठेवा. आग लागल्यावर शोधत बसू नका.

*काही झालंच तर*

- धातू जळत असेल तर पाणी नको. पण ठिणगीमुळे पडदा, कागद किंवा कपडा पेटला असेल आणि जळता धातू आता तिथे नसेल, तर ती साधी आग आहे. तिथे पाणी चालतं.
- त्वचा भाजली असेल तर आधी गरम कण दूर करा, मग भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी सुमारे २० मिनिटं सोडा. टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नका.
- डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नका. तडक नेत्रतज्ज्ञांकडे जा.
- आग आटोक्यात येत नसेल तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. फोनवर ‘धातूची आग आहे’ हे आवर्जून सांगा, म्हणजे येणारं पथक तयारीने येईल.

तर मुद्दा काय?

सेरियमचा उपयोग आणि सेरियमचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ऑक्सिजनची ओढ एकच. चाकाखाली कणभर धातू खरवडला गेला की तिचा लायटर होतो. तोच धातू भुकटी करून उघडा ठेवला की तिची आग होते. आणि एकदा ती ओढ भागली की हाच धातू फिकट पिवळसर पुडीच्या रूपात चष्म्याची काच गुमान घासून देतो.

पुढच्या वेळी लालभडक खडा आपटण्याचा व्हिडिओ समोर आला तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं आठवा: तो दगड नाही, आणि तो पेटला तर पाण्याची बादली कामाला येणार नाही.